सारवणावर घसरलेलं खुरपं

मित्रांनो, मी वच्छलाबाईंचं खुरपं. दांडा तिसरा, पातं निम्मं झिजलेलं. ऐट मात्र पुरी. ट्रकच्या जुन्या पाट्याचा तुकडा तापवून यवतच्या लोहारानं मला घडवलं. पंधरा वर्षं कांद्यात खुरपणी केली. गवत उपटलं, पण कांद्याला धक्का लावला नाही. बाया मला उसनं मागून नेत. पुढं धार गेली आणि मी गोठ्याच्या वळचणीला पडून राहिलो.

यंदा भीमेकाठच्या पांढरीच्या टेकाडावर उत्खनन सुरू झालं. तीन हजार वर्षांपूर्वी तिथं वस्ती होती म्हणे. वच्छलाबाई कामावर निघाल्या आणि सवयीनं मला कमरेला खोचलं. तिथल्या चकचकीत थाप्यांमध्ये मला पाहून पर्यवेक्षक रविराज हसला. मीही त्याला मोजून ठेवलं: दिवसाला चार चहा, सहा फोन, खड्ड्यात उतरणं एकदा.

शेवटचा दिवस आला. खापरं ढीगभर निघाली, घर काही सापडेना. ते न मिळाल्यास प्रमुख धनश्री मॅडम संध्याकाळी खड्डा बुजवून कायमच्या निघणार होत्या. त्या दुपारी जेवल्याही नाहीत. खाली घट्ट माती लागली, तसा रविराजनं टिकाव मागवला.

तेवढ्यात माझं पातं घसरलं. धार असती तर आत घुसलो असतो. बोथट, म्हणून वरून सरकलो. काय ती शिरशिरी, मित्रांनो!

वच्छलाबाईंचा हात थांबला. "टिकाव नगं. ह्ये सारवण हाय."

"मावशी, माती आहे ती. सारवण तुमच्या घरात."

"व्हय, म्हणून तर वळखलं. पाणी आण."

पाणी शिंपडलं. ओल धरली तशा बोटांच्या कमानी वर आल्या, एकीला एक लागून. मॅडम गुडघ्यांवरच बसल्या. वच्छलाबाईंनी हवेत आधी उजवा हात फिरवून पाहिला, मग डावा.

"बाई डावरी व्हती," त्या म्हणाल्या.

मॅडमनी ते वहीत लिहिलं. खड्डा बुजवायचा नाही, असं त्यांनी तिथूनच फोनवर सांगून टाकलं. बाया घमेली टाकून भोवती गोळा झाल्या. रविराज तर फोटो काढायला उडी मारूनच उतरणार होता.

"पायताण काढ आधी," वच्छलाबाईंनी त्याला अडवलं. "कुणाचं तरी घर हाय ते."

रविराजनं पायताण काढलं. मग मॅडमनीही बूट काढले.

मित्रांनो, जुनी जागा उकरताना हात हलका ठेवा. कुणीतरी ती सारवून गेलेलं असतं.