टॅगवरचं तोंड

"मावशी, जरा हसा की!"

"हसायला काय झालंय?" अयोध्या म्हणाली, आणि फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

माकणीच्या समाजमंदिरात त्या दिवशी बचत गटाच्या बारा बायका ठेवणीतल्या साड्या नेसून बसल्या होत्या. त्यांनी शिवलेल्या गोधड्या न्यूझीलंडला निघाल्या होत्या, आणि तिकडच्या दुकानदाराला प्रत्येक गोधडीला टॅग हवा होता, शिवणारीच्या फोटोसकट. अयोध्याचा हात गटात सगळ्यात चांगला, म्हणून तिला आधी बसवलं. पण चेहरा असा की वसुलीला आलेला माणूस दारातूनच परत फिरावा. शेवटी फोटोवाल्याने तिच्या मांडीवरची गोधडी उचलली आणि तिच्या धाकट्या जावेच्या, शुभांगीच्या, मांडीवर टाकली. शुभांगीला हस म्हणून सांगावं लागत नाही. तिच्या गालाला खळी पडते, आणि ते तिला पक्कं माहीत आहे.

"सगळ्यांचे काढू," असं धाराशिवच्या संस्थेतले शिवानंद सर म्हणाले होते. पण छापायला तो एकच फोटो गेला आणि पाचशे टॅग एकदमच छापून आले. खाली इंग्रजीत ओळ होती. सरांनी तिचा अर्थ सांगितला, 'ही गोधडी माझ्या हातची. तुमची, शुभांगी.'

त्यानंतरची दोन वर्षं माकणीतून जी गोधडी बाहेर पडली, ती शुभांगीच्या हातची होऊनच बाहेर पडली.

तेव्हापासून अयोध्याच्या पोटात जे दुखू लागलं ते थांबलंच नाही. जावेची भाकरी टम्म फुगली तरी हिचा जीव जळायचा. शुभांगीच्या गोधड्या वाईट नव्हत्या, पण ओळी कुठे दाट, कुठे विरळ. एकदा लोहाऱ्याच्या बाजारात भाजीवालीने कौतुकाने विचारलं, "त्या फोटूवाल्या बाई तुमच्या कोण?" अयोध्याने हातातली कोथिंबीर तशीच खाली ठेवली आणि तरातरा चालू लागली.

तिकडे एक गोधडी केवढ्याला जाते ते सरांनी एकदा मोबाइलवर दाखवलं होतं. गटातल्या कोंडाबाईने बोटं मोजून हिशेब केला. "आगं बाय! तीन गाभण शेळ्या येतील की एवढ्यात. आन् आपल्याला मिळतं त्यात शेळीचं दावं!" बायका हसून हसून लोळल्या.

"ती पांघरणारी बाई काय काम करत असंल?" कुणीतरी विचारलं. ते कुणालाच माहीत नव्हतं.

खरं तर अयोध्याने हेवा करायचा तो त्या बाईचा. पण दोन समुद्रांपलीकडच्या बाईचा हेवा करायचा तरी कसा? तिचं तोंड कधी दिसलं नव्हतं. दिसत होतं ते शुभांगीचं, पाचशे वेळा छापलेलं, आणि वर रोज सकाळी नळावर प्रत्यक्ष.

यंदा पोळा झाला आणि चारच दिवसांनी शिवानंद सर मोटरसायकलला एक खोकं बांधून आले. चहाला नको म्हणाले. बायका गोळा झाल्यावर त्यांनी खोक्यातून एक गोधडी काढून सतरंजीवर पसरली. तिचा एक कोपरा पात्याने सरळ कापलेला होता. शेजारी त्यांनी एक चिकटवलेली पारदर्शक पिशवी ठेवली. पिशवीत भाकरीचा वाळून कडक झालेला तुकडा होता.

"हे काय आहे?"

काय आहे ते सगळ्यांना कळलं होतं. गोधडीचा शेवटचा कोपरा मिटण्याआधी आत भाकरीचा घास ठेवायचा. गोधडीचं पोट रिकामं ठेवलं तर पांघरणाराला झोप लागत नाही. अयोध्या हे तेरहून, माहेराहून शिकून आली होती. गावात कुणी ठेवतं, कुणी मुंग्यांना भिऊन ठेवत नाही. विचारायची रीत नाही आणि ठेवलेला घास सांगायचा नसतो.

"मी बजावलं होतं ना, कापड आणि दोरा सोडून आत काही घालायचं नाही?"

बजावलं होतं. अयोध्याने ते लक्ष देऊन ऐकलंही होतं. काही म्हणजे प्लॅस्टिक, स्पंज, पोत्याची चिंधी. घास म्हणजे 'काही' थोडाच असतो? कोपऱ्यातली गाठ दुरून बघूनच तिने गोधडी ओळखली होती. तिचीच होती.

सरांनी पत्र वाचून सांगितलं. तिकडच्या बंदरात बाहेरचं धान्य उतरू देत नाहीत, कीड जाते म्हणून. त्या खेपेच्या चाळीसच्या चाळीस गोधड्या अडकल्या होत्या. एकेकीचे कोपरे कापून बघणं चाललं होतं. हे ज्या बाईने केलं तिला कामावरून काढा आणि तसं नावानिशी लिहून द्या, नाहीतर आम्ही दुसऱ्या देशातून मशीनच्या घेऊ, असं दुकानदाराने कळवलं होतं.

"एवढ्याश्या भाकरीनं त्येंचा देश बाटला व्हय?" कोंडाबाई म्हणाली.

"देश त्यांचा, दुकान त्यांचं, मावशी. आपण फक्त कोपरे शिवायचे." सर थकलेले दिसत होते. "टॅगवर शुभांगीताई आहेत. पत्रातही त्यांचंच नाव आहे."

शुभांगीने गोधडी मांडीवर ओढली. ओळींवरून बोट फिरवलं, आणि मान वर करून एकदाच थोरल्या जावेकडे पाहिलं. तिनेही ओळखली होती.

खोटं कशाला सांगा, अयोध्याला त्या क्षणी आतून गुदगुल्याच झाल्या. भोग आता! दोन वर्षं मिरवलीस ना? आपण नुसतं गप्प बसायचं. काम राहील आणि ती खळीही टॅगवरून जाईल.

"माझीच हाय, सर," शुभांगी म्हणाली. "म्याच ठिवला घास. चुकलं माझं."

दुसरी एखादी असती तर तिला रडू आलं असतं. अयोध्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोटो हिचा, नाव हिचं, बाजारातलं कौतुक हिचं. आता आपल्या हाताने ठेवलेला घासही हिचाच!

"सोड ती!" तिने गोधडी हिसकून घेतली. "खोटं बोलती ही, सर. हिला जन्मात असा टाका जमंल का?"

"आक्का, गप बसा की," शुभांगी दबक्या आवाजात म्हणाली. "आमच्या घरी ह्यांचा पगार येतो. तुमचं समदं घर ह्या कामावर हाय."

"तुझा पगार तुझ्यापाशी ठिव. गोधडी माझी हाय." अयोध्याने सरांपुढे गुडघे टेकून गोधडी उलटी केली. "ह्या गाठी बघा. समद्या बायका उजवीकडनं धरत्यात, त्येंच्या गाठी उजव्या अंगाला येत्यात. म्या डावरी. माझ्या ह्या, डाव्या अंगाला. गटात दुसरी डावरी हाय का, इचारा!"

सरांनी गाठी पाहिल्या.

"मावशी, एकदा तुमचं नाव लिहून दिलं की मला पुन्हा तुम्हाला काम देता येणार नाही. उद्या या हवं तर. विचार करून."

"आजच लिवा."

"आक्का!"

"तू बोलू नगंस."

सरांनी खांद्यावरच्या पिशवीतून छापील कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं. "पूर्ण नाव सांगा."

या दोन वर्षांत ते कुणी विचारलं नव्हतं. अयोध्या सतरंजीवर नीट मांडी घालून बसली. डोक्यावरून पदर घेतला.

"अयोध्या गुंडाप्पा बिराजदार."

सरांनी इंग्रजीत लिहिलं.

"वाचून दावा."

त्यांनी वाचलं. तिने आणखी एकदा वाचायला लावलं. शुभांगी भिंतीकडे तोंड करून रडत होती. अयोध्याने तिच्याकडे पाहिलं नाही. ती त्या कागदावरच्या न वाचता येणाऱ्या अक्षरांकडे बघत होती.

"खाली माकणी बी टाका, सर," ती म्हणाली. "न्हायतर त्यास्नी अयोध्या हे गावाचं नाव वाटायचं."

सरांनी माकणी लिहिलं. तिने सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी पुढे तालुका आणि जिल्हाही लिहिला.