माळ्यावरचं शीड

आचऱ्याच्या खाडीच्या तोंडाशी काशीराम तांडेलाचं घर होतं. त्या घराच्या माळ्यावर एक शीड गुंडाळून ठेवलेलं होतं आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. त्याचा मालवाहू शिडाचा मचवा विकून चार वर्षं झाली होती. घेणाऱ्याने त्याला यंत्र बसवलं, म्हणाला, "शीड तुमीच ठेवा, माका काय करूचां?" काशीरामाने ते खांद्यावरून घरी आणलं. दरवर्षी नारळी पुनवेला तो ते एकटा वाळूवर नेई, ऊन दाखवी आणि परत गुंडाळी. बायको मदतीला आली तर म्हणे, "तू रव गो. ह्यां बायलांचां काम नाय."

सत्यवतीला वाटे, म्हाताऱ्याचा जीव अडकलाय शिडात. तसा तो अडकलेला होताच. पण खरी गोष्ट वेगळी होती आणि ती घरात एकट्या काशीरामाला ठाऊक होती.

बावीस वर्षांपूर्वी तो मंगळुराहून कौलं भरून येत होता. वेंगुर्ल्याच्या खडकांजवळ वारा असा फिरला, की शीड मधोमध टराटरा फाटलं. मचव्यावर पाच माणसं, पुढे खडक आणि ठिगळाला कापडाचा तुकडा नाही. काशीरामाच्या अंथरुणात एक वाकळ होती. गोधडीला आपल्याकडे वाकळच म्हणतात. सत्यवतीच्या आईने ती लेकीच्या लग्नात शिवून दिली होती, स्वतःच्या तांबड्या चौकड्यांच्या लुगड्याची. नवरा दर्यावर थंडीने काकडू नये म्हणून सत्यवतीने ती त्याच्याबरोबर दिली होती. काशीरामाने कोयत्याने ती वाकळ चिरली, तुकडा शिडाला टाचला आणि पाच माणसं घरी आणली.

घरी आल्यावर मात्र त्याची जीभ वळेना. सत्यवतीची आई त्याच पावसाळ्यात वारली होती. तिच्या हातची ती एकच वस्तू. दर्याने नेली म्हटलं तर दर्यावर कुणी राग धरत नाही. आपण कोयत्याने चिरली म्हटलं तर? तो म्हणाला, "वाकळ लाटेबरोबर गेली गो." आणि दुसऱ्या दिवशी बंदरावर बसून त्याने त्या ठिगळावर दोन्ही बाजूंनी शिडाचं पांढरं कापड शिवून टाकलं. वाकळ आत, शीड बाहेर.

तेव्हापासून दर थंडीत सत्यवती एकदा तरी म्हणायचीच, "माझे आयेची वाकळ बुडवल्यात तुमी!" आणि काशीराम विडी पेटवायला बाहेर जायचा.

गोवा पोर्तुगीजांकडून सुटला त्याच्या आदल्या वर्षीची दिवाळी आली. लेक प्रेमलता पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरत आले होते. पहिल्या नातवंडाची वाकळ आजीने शिवायची, आणि तीही घरातल्या वापरलेल्या, मऊ झालेल्या कापडाची. बारशापर्यंत पोराच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, ही त्या घराची रीत. सत्यवतीने त्यासाठी जुनी लुगडी पेटीत जपून ठेवली होती. पावसाळ्यात पेटीला वाळवी लागली. दसऱ्याला झाकण उघडलं तर आत लुगड्यांच्या जागी माती. अंगावरचं एक आणि वाळत घातलेलं एक, एवढीच लुगडी आता तिच्याकडे उरली होती.

वसुबारसेला मुलगा तुकाराम मुंबईहून आगबोटीने आला. मालवण बंदरावर उतरला, तिथून पुढे चालत. तो कापडाच्या गिरणीत होता. आई वाकळ शिवणार हे त्याला पत्रातून कळलं होतं. आल्या आल्या त्याने ट्रंक उघडली आणि एकेक वस्तू आईच्या पुढ्यात मांडली. लालभडक साटीनचं कापड, चांगलं चार वार. बारीक सुयांचं पाकीट, वर मडमेचं चित्र. रेशमी दोऱ्याची रिळं. बोटात घालायचं पितळी अंगुस्तान. आणि एक छोटीशी कात्री.

"आये, आता तुका कसलीच कमी नाय!"

"नाय रे झिला, कसली कमी?" सत्यवती म्हणाली. तिने साटीनवरून हात फिरवला. कष्टाने खरखरीत झालेलं तिचं बोट त्या कापडाला अडकलं. अंगुस्तान तिच्या अंगठ्यात जाईना, मधल्या बोटातही जाईना. शेवटी करंगळीवर बसलं.

प्रेमलता पोट धरून हसली. "आये, करंगळेन वाकळ शिवतलंस?"

"गप गो. माझ्या झिलान आणलेलां आसा. उद्या पोरग्याच्या कपाळाक तीट लावूक कामाक येतलां."

तुकारामही हसला, पण त्याचे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो भावबंदांकडे गेला तेव्हा दुसरं कापडच नाही म्हणून सत्यवती ओटीवर ते नवं साटीन घेऊन बसली. काशीराम मागच्या पडवीत जाळं दुरुस्त करत होता. मधे एक कुडाची पातळ भिंत, सगळं ऐकू येत होतं. पहिली सुई चार टाक्यांत मोडली. दुसरी वाकली. रेशमी दोरा ताणला की तुटे.

"आये, पाण्यात उकळून बघ," प्रेमलता म्हणाली.

"दोनदा उकळलंय. थोडो रंग गेलो, ताठो गेलो नाय. ह्यां पोराच्या पाठीक लागला तर पाठ सोलवटतली."

"बाबांचां जुनां धोतर?"

"तुझो बापूस जल्मभर लंगोटी लावन फिरलो. तेच्यात पोर गुंडाळूचां काय वाटाण्याचो दाणो?"

कुडामागे काशीरामाला हसू फुटलं. पण पुढचं वाक्य ऐकलं आणि हसू जागीच थांबलं.

"मगे माळ्यावरचां शीड आसा मां," प्रेमलता म्हणाली. "तीस वर्सां वारो खाल्लेलां. मऊ झाला असतलां."

"तेचां नाव काढू नको!" सत्यवतीचा आवाज एकदम चढला. "तां तेंचां काळीज आसा. मचवो गेलो तेव्हा दोन दिवस जेवले नाय, माका ठावक आसा. वाकळ झाली नाय तर पोराक माझ्या पदरात घेईन. शीड मागूचां नाय. तेंच्या कानावर पण घालूचां नाय."

काशीरामाच्या हातातली जाळ्याची सुई थांबली. बायकोने शीड मागितलं असतं तर तो 'नाय' म्हणून मोकळा झाला असता. ती मागत नव्हती, तिथेच पंचाईत होती.

संध्याकाळी त्याने स्वस्तात सुटायचा एक प्रयत्न केला. शीड शिवताना तळहाताला बांधायचा चामड्याचा पट्टा त्याच्याकडे होता. जाड सुई त्याच्या आधाराने ढकलायची, म्हणजे हात सोलत नाही. तेल लावून त्याने तो मऊ केला आणि सत्यवतीपुढे धरला.

"घे. पाडव्याची ओवाळणी आधीच देतंय. आता दाभणान शिव, हाताक लागाचां नाय."

सत्यवतीने पट्टा बांधून पाहिला. नेमका बसला. "बरो आसा," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "पण शिवतलंय काय? वारो?"

काशीराम विडी पेटवायला बाहेर गेला.

नरकचतुर्दशीला अभ्यंग, फराळ झाला. गोडे पोहे, तिखट पोहे खाऊन तुकाराम वाडीतल्या माणसांबरोबर देवळाकडे गेला. प्रेमलतेला घेऊन सत्यवती शेजारी हौसाबाईकडे गेली. घर रिकामं झालं तसा काशीराम माळ्यावर चढला.

शीड खाली आणून त्याने घरापुढच्या खळ्यात पसरलं. आधी खालचा भाग चाचपला. तिथे मीठ, माशांचं तेल आणि माणसांचे हात मुरून कापड सुकटीसारखं कडक झालं होतं. खालचं टोक कापून द्यावं आणि सुटावं असं त्याच्या मनात होतं. तो बेत गेला. वरच्या अंगाला मात्र वाऱ्याने फडफडून कापड असं झालं होतं, की गालाला लावलं तर कळू नये. आणि नेमकं त्याच्या मधोमध ते ठिगळ.

ठिगळ काढून टाकावं, आणि मग कापड द्यावं. कोण विचारणार आहे? त्याने तुकारामाची छोटी कात्री आणली. साटीन बिनकामाचं निघालं, पण कात्रीला मात्र धार होती. त्याने स्वतःच्याच हातचे बावीस वर्षांपूर्वीचे टाके एकेक करून उसवले. पांढरं कापड बाजूला केलं.

आत तांबड्या चौकड्या. इतकी वर्षं ऊन न लागल्यामुळे जशाच्या तशा, जणू कालच दुकानातल्या चाटीने घडी मोडून दिलेल्या. आणि त्यावर सासूचे ते बारीक, मुंग्यांच्या रांगेसारखे टाके.

त्याने तुकडा हातात घेतला. चुलीत घालायला फार तर दहा पावलं चालायची होती. तो बसूनच राहिला. मग उठला, शिडाचा वरचा अर्धा भाग कोयत्याने सरळ कापला, वाकळीच्या तुकड्यासकट गुंडाळला आणि रिठे घेऊन गोड्या पाण्याच्या व्हाळावर गेला. तीन पाण्यांत त्याने ते कापड धुतलं.

काठावरून महादू जात होता. पूर्वी काशीरामाच्याच मचव्यावर खलाशी होता. "तांडेल! सणासुदीक बायलेची लुगडी धुतास काय?"

"होय रे," काशीराम म्हणाला. "तुझी बायल तुका धुवूक देणा नाय म्हणान तुका पोटदुखी."

महादू जवळ आला आणि त्याने कापड ओळखलं. त्या रात्री खडकांपाशी मचव्यावर तोही होता. त्याने दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून पीळ दिला.

पाडव्याला सत्यवतीने पाट मांडला. नवऱ्याला कुंकू लावलं, ओवाळलं. तुकाराम आणि प्रेमलता कौतुकाने बघत होती. काशीरामाने पाटामागून गाठोडं काढून तिच्या पुढ्यात ठेवलं.

"ह्यां काय? पट्टो दिल्यात मां?"

"तो पट्टो. ही ओवाळणी."

सत्यवतीने गाठ सोडली. मऊ, पिवळसर कापड हाताला लागताच तिला कळलं. "अवो! शीड कापल्यात?" तिचे डोळे भरले. "कोणी सांगल्यान तुमका?" ती लेकीकडे वळली. "ह्या चेडवान सांगल्यान?"

"माका कोणी सांगूक नाय. पुरां सोड."

तिने घडी उलगडली. आतून तांबड्या चौकड्या बाहेर पडल्या.

निरांजनातली वात तडतडली. तिने तो तुकडा उचलला, टाक्यांवरून बोट फिरवलं. आणखी एकदा फिरवलं.

"ही लाटेबरोबर गेली होती," ती म्हणाली.

"नाय गेली." काशीराम पाटाकडे बघत होता. "मी चिरलंय. शीड फाटलां होतां. पाच माणसां होती. तुका सांगूक तोंड झाला नाय." आणि मग लहान पोरासारखं, "आता काय बोलूचां तां बोल."

तुकाराम उठून बाहेर जायला निघाला. प्रेमलतेने त्याचा सदरा धरला.

"बावीस वर्सां," सत्यवती म्हणाली.

"होय."

"बावीस वर्सां माझे आयेक तुमी डोलकाठयेर चढवन ठेवल्यात?"

काशीरामाने मान वर केली.

"माझी आये," सत्यवती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ मात्र हसायला लागले होते. "उभ्या जल्मात खाडयेपलीकडे गेली नाय. होडयेत बसूचां म्हटला की तिका घाम फुटा. आणि तुमी तिका मंगळूरापर्यंत नेल्यात! येकदा नाय, दर वर्साक!"

"मुंबयेक पण नेलंय," काशीराम हळूच म्हणाला. "दोनदा."

प्रेमलता अशी हसली की तुकारामाने घाबरून तिला भिंतीला टेकवून बसवलं.

"आणि मी मेली थंडयेत तुमका शिव्या देतंय," सत्यवती पदराने डोळे पुसत म्हणाली, "आणि आये माझी वर बसान ऐकता! सांगूचां होतां येकदा. पाच माणसां आणल्यान तिणा. मी काय रागावतंय?"

"रागावली असतंस."

तिने तुकड्याची घडी केली. "होय," ती म्हणाली. "रागावलंय असतंय. तेव्हा जखम ताजी होती." आणि तिने निरांजन उचलून आत नेलं.

दुसऱ्याच दिवशी वाकळ ओटीवर पसरली. शिडाच्या कापडाचे तीन थर, मधोमध तांबड्या चौकड्या, आणि कडेला सत्यवतीने तुकारामाचं लाल साटीन लावलं. पोराच्या अंगाला लागायचं नाही अशा बेताने, पण दिसेल असं. ते बघून तुकारामाचे कान पुन्हा लाल झाले, या खेपेला आनंदाने.

दिवस थोडे होते म्हणून एका बाजूने ती बसली, दुसऱ्या बाजूने काशीराम. चामड्याचा पट्टा एकच, तो दोघांमध्ये फिरत होता. काशीरामाचा टाका बोटभर लांब पडे.

"ओ तांडेल," सत्यवती मान वर न करता म्हणाली, "वादळ इला नाय हा. बारीक घाला."

काशीरामाने शेवटचे चार टाके उसवले आणि पुन्हा घालायला घेतले.