थोरलीच्या नावावर

मी शिवणकाम करते. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. दोन मशिनं, एक कापायचं टेबल, एक उभा आरसा आणि गिऱ्हाइकासाठी एक खुर्ची. त्या खुर्चीवर गिऱ्हाईक कधीच बसत नाही, कारण तिथे मांजर बसलेलं असतं.

मांजरं दोन. दोघी सख्ख्या बहिणी, काळ्या कुळकुळीत, गळ्याखाली पांढरा डाग. आमच्या ह्यांनी पोस्टातून निवृत्त होताना आणल्या. लोक निवृत्त होताना भिंतीवरचं घड्याळ आणतात, ह्यांनी पोस्टाच्या जिन्याखालची पिल्लं आणली. एक सारखी पुढे पुढे करायची ती थोरली, दुसरी मागे राहायची ती धाकटी. वयात फरक असलाच तर घटकाभराचा असेल, पण नावं पडली ती पडलीच.

विम्याचं पत्रक दवाखान्याच्या काउंटरवर होतं. मी आधी हसले. मग घरी येऊन कापडाच्या खडूने जाड कागदावर हिशेब मांडला. दोघींचा वर्षाचा हप्ता, गुणिले मांजराचं आयुष्य. आलेल्या आकड्यात कापडाच्या कडा बांधणारं एक नवं ओव्हरलॉक मशिन येत होतं. उलट एकदा जरी मोठं दुखणं निघालं तर तेवढेच पैसे एका झटक्यात जाणार होते. मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले आणि मग मला फार शहाणपणाची वाटणारी युक्ती सुचली.

"थोरलीचा काढू," मी म्हणाले. "ती छपरावर चढते, मारामाऱ्या करते. धाकटीला काय होणार? ती खुर्ची सोडत नाही."

"अगं, दोघी बहिणी आहेत. एकीचा काढायचा आणि एकीचा नाही, हे बरं दिसतं का?" हे म्हणाले.

"कोणाला दिसणार आहे? मांजरांना का पॉलिसी वाचता येते?"

हे गप्प झाले. माझ्यापुढे हे नेहमीच गप्प होतात आणि मी त्याला होकार समजते.

पुढची चार वर्षं थोरली छपरावरून उड्या मारत राहिली आणि बाईसाहेबांना साधी शिंकही आली नाही. दर वर्षी हप्ता भरताना माझी चिडचिड व्हायची. एकदा ती भिंतीवरून घसरता घसरता वाचली तेव्हा माझ्या मनात काय आलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. हप्ते फुकट गेले, असं काहीतरी आलं. मला त्याची लाज वाटली, पण थोडीच. पुढे जी वाटणार होती तिच्या मानाने अगदी थोडी.

मग धाकटीने दोरा गिळला.

चूक माझीच. रीळ टेबलावरून पडलं, मी घाईत होते, उचलू नंतर म्हटलं. शनिवारी तिने खाणं सोडलं. रविवारी उलट्या. सोमवारी सकाळी ती मशिनखाली जाऊन बसली आणि ह्यांनी हाक मारली तरी बाहेर येईना. ह्यांची हाक आणि धाकटी येत नाही, असं कधी झालंच नव्हतं. ती रोज दुपारी ह्यांच्या पोटावर झोपते. हे कूस बदलायचं झालं तर आधी तिला सांगतात.

टोपलीत घालून आम्ही दवाखान्यात गेलो. हे टोपली मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसले आणि झाकणाच्या फटीतून तिच्याशी बोलू लागले. मी काउंटरवर गेले.

"कोण आलंय आज? थोरली की धाकटी?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"थोरली," मी म्हणाले.

तोंडातून सहज निघून गेलं म्हणायला मला आवडलं असतं. तसं नव्हतं. रिक्षात बसल्यापासून मी ते घोळवत होते. दोघी सारख्याच दिसतात. चार वर्षं हप्ते भरलेत. कंपनीचं काय जातंय? मी काही चोरी करत नव्हते, माझाच पैसा परत मिळवत होते, असंच मी स्वतःला पटवलं होतं.

तपासायला मी एकटीच आत गेले. घरभर माझ्या सुया असतात, पण डॉक्टरची सुई दिसली की हे खोलीबाहेर पळतात. डॉक्टरीणबाईंनी धाकटीचं तोंड उघडलं, जीभ उचलली आणि मला दाखवलं. जिभेच्या मुळाशी निळा दोरा अडकला होता. माझाच, गणवेशाच्या पँटीचा.

"उरलेला पोटात गेलाय. आतडं चुणीसारखं गोळा झालंय," त्या म्हणाल्या. "आजच ऑपरेशन करायला हवं, काकू. उद्यावर नाही टाकता येणार."

मग त्यांनी थोरलीची फाइल उघडली. "नसबंदीच्या वेळी भूल छान चढलीय, उतरलीही छान. काही त्रास नाही. अजून काही सांगण्यासारखं आहे?"

होतं. नसबंदीच्या वेळी त्रास झाला होता तो धाकटीला. भुलीचं इंजेक्शन दिल्याबरोबर तिचा श्वास थांबला होता आणि ह्याच डॉक्टरांनी तिला कशीबशी परत आणली होती. "हे औषध हिला पुन्हा द्यायचं नाही," त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. "मी हिच्या फाइलवर लाल शाईने लिहून ठेवते, पण तुम्हीही लक्षात ठेवा." मी लक्षात ठेवलं होतं. ह्यांना सांगितलं नव्हतं, कारण हे आठ दिवस जेवले नसते. म्हणजे ही गोष्ट दोनच ठिकाणी होती, धाकटीच्या बंद फाइलमध्ये आणि माझ्या डोक्यात.

"नाही," मी म्हणाले. "अजून काही नाही."

आणि सही केली.

बाहेर येऊन बाकावर बसले. हे म्हणाले, "काय म्हणाल्या गं डॉक्टर? काही धोका नाही ना?"

"नाही म्हणाल्या."

ह्यांनी रिकामी टोपली अजून मांडीवरच धरली होती. मी समोरच्या घड्याळाकडे बघत होते. मनात म्हणत होते, तेव्हा लहान होती म्हणून झालं असेल. आता औषधं सुधारलीत. आता उठून सांगायचं म्हणजे काउंटरवरच्या पोरीसमोर, कुत्री घेऊन आलेल्या त्या दोघांसमोर, ह्यांच्यासमोर मी खोटारडी ठरणार. मी एकदा उठले. हे म्हणाले, "कुठे?" मी म्हणाले, "पाणी." पाणी पिऊन परत येऊन बसले. मी बसूनच राहिले. आपण एका मांजराला तिच्या बहिणीच्या नावावर मारायला ठेवलंय हे मला स्वच्छ कळत होतं. ते कळत असतानाच मी साडीच्या पदराचा निघालेला दोरा दाताने तोडला. कामाच्या सवयी मेल्या कशातही सुटत नाहीत.

दार उघडलं आणि डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. हातमोजे घातलेले नव्हते.

"काकू, घाबरून नाव चुकलं ना तुमचं?" त्या म्हणाल्या. "औषधाचं माप काढायला वजन केलं तर साडेतीन किलो. थोरली मागच्या महिन्यात लशीला आली तेव्हा जवळजवळ पाच होती. दोन दिवसांच्या उपासाने एवढं उतरत नाही. म्हणून दुसरी फाइल काढून बघितली. ही धाकटी आहे. बरं झालं वेळेत लक्षात आलं, हिला ते औषध चालत नाही."

गिऱ्हाईक दारातून आत आलं की नजरेनेच त्याचं माप सांगणारी मी. मांजराच्या वजनाचा विचारच केला नव्हता.

डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या. त्यांना खरंच तसं वाटलं होतं, का त्या मला सुटायला वाट करून देत होत्या, ते मला आजही ठरवता येत नाही. मी मान हलवली. हो, चुकलं.

"होतं असं घाबरल्यावर," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "अगं, एवढी घाबरलीस? नाव विसरण्याइतकी?" आणि ह्यांचे डोळे भरून आले. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्याकडे इतक्या कौतुकाने क्वचितच बघितलं असेल. धरणीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय ते मला तिथे त्या बाकावर कळलं.

धाकटी वाचली. ओव्हरलॉक मशिनसाठी बाजूला टाकलेले पैसे गेले, त्याचं काही वाटलं नाही. वाटायला जागाच नव्हती.

खरी शिक्षा पुढे होती. ह्यांना एक किस्सा मिळाला. दूधवाला, शेजारी, माझी नणंद, जो येईल त्याला सांगायचे. "वरवर ही फणसासारखी, पण मांजर आजारी पडलं तर बाई नावसुद्धा विसरली!" नणंदेने तर मला फोनवर म्हटलं, "वहिनी, तुम्ही एवढ्या हळव्या असाल असं वाटलं नव्हतं हो." मी हसायचे. तोंडात टाचण्या असल्या की फारच सोयीचं व्हायचं. रात्रंदिवस टाचण्या तोंडात धरून बसता आलं असतं तर बसले असते.

महिन्याभराने शाळेतल्या बाई कोटाची बाही बसवून घ्यायला आल्या. त्यांना आरशासमोर उभं करून मी खांद्यावर टाचण्या लावत होते. हे खुर्चीच्या दांडीवर टेकले होते, खुर्चीत धाकटी होती. पोटावरचे केस नुकते परत येऊ लागले होते.

"आमच्या कुत्र्याचा विमा काढावा का हो?" बाईंनी विचारलं. "लोक म्हणतात पैसे वाया जातात. तुमचा अनुभव काय?"

"अनुभव हिला विचारा!" हे खुशीत म्हणाले. "हिने एकीचाच काढला आणि दुखणं निघालं दुसरीचं. आणि गंमत ऐका, दवाखान्यात ही एवढी घाबरली..."

मी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीला टोचल्या. सात होत्या.

"घाबरले नव्हते," मी म्हणाले. "विम्याचे पैसे मिळावेत म्हणून मुद्दाम थोरलीचं नाव सांगितलं."

हे हसत होते ते अर्धवट हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. "असू दे गं," ते म्हणाले. "एवढं काय त्यात. कंपन्या काय कमी लुबाडतात?"

तिथे थांबता आलं असतं. ह्यांनी मला तिथेच माफ केलं होतं.

"त्या भुलीच्या औषधाने धाकटीचा श्वास थांबतो हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. तुम्हाला मी कळू दिलं नव्हतं."

ह्यांना समजायला थोडा वेळ लागला. बाईंना आधी समजलं, कारण माझ्या हाताखालचा त्यांचा खांदा आखडला.

"मी बाकावर तुला विचारलं होतं," हे म्हणाले. "धोका आहे का म्हणून."

"हो."

"तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"आणि तू पाणी प्यायला उठलीस."

ह्यांनी वाकून धाकटीला दोन्ही हातांनी उचललं. ती झोपेतच होती, ह्यांच्या गळ्याशी डोकं घुसवून तशीच राहिली. माझ्या बाजूने जाताना ह्यांनी तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, माझ्यापासून लांबच्या. मग आतल्या खोलीत गेले आणि दार लोटलं. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

बाई एक बाही लावलेली आणि एक नसलेली, अशा आरशासमोर उभ्या होत्या. "मी उद्या येऊ का?" त्यांनी हळू विचारलं. मी नको म्हणाले आणि दुसरी बाही हातात घेतली, पण मला तिचा पुढचा भाग कुठला आणि मागचा कुठला तेच ओळखू येईना.