रघुजीअण्णांचा हात

चांगलं काम करणाऱ्या माणसांना एक खोड असते. आपण चांगलं काम करतोय हे त्यांना फार लवकर कळतं. शलाकाला ते दहा वर्षांपूर्वीच कळलं होतं.

नवऱ्याच्या, म्हणजे श्रीरंगच्या, सरकारी नोकरीपायी ती पुण्याहून बंगळुरूला आली आणि जे. पी. नगरच्या फ्लॅटमध्ये वर्षभर भिंतींशी बोलून कंटाळली. मग तिनं ‘अंगण’ काढलं. दर रविवारी सकाळी मल्लेश्वरममधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये तेरा ते अठरा वर्षांची मुलं जमायची आणि नाटक करायची. फी नाही, परीक्षा नाही. के. आर. पुरमहून मेट्रो बदलत येणारी मुलं होती, इडलीच्या गाडीवाल्याची मुलगी होती, वॉचमनचे दोन मुलगे होते. शहरात नाटकं पुष्कळ होतात, पण तिकीट काढून आत बसणाऱ्यांची मुलं वेगळी आणि बाहेर गाड्या लावून देणाऱ्यांची वेगळी. शलाकानं ही दुसरी मुलं धरली आणि दहा वर्षं सोडली नाहीत. त्याबद्दल तिला नावं ठेवायचं काही कारण नाही. नावं ठेवायचं कारण पुढे येईल.

चंदना आली तेव्हा सोळाची होती. तीन रविवार ती भिंतीला टेकून नुसती बघत बसली. चौथ्या रविवारी मधल्या सुट्टीत ती पायरीवर फोनवर बोलत होती आणि शलाका मागून चालली होती.

“येतंय की मा, स्वल्प थांब. पप्पाला सांग, मी आल्यावर करते म्हणून.”

शलाकाचे कान टवकारले. मराठी! तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कधीतरी इकडे आलेल्या घराण्यातली, निम्मी कानडीत भिजलेली, पण मराठीच. सबंध आठवडा कानडी, हिंदी आणि इंग्रजीची खिचडी बोलणाऱ्या शलाकाला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. ती तिथंच पायरीवर बसली.

“तू मराठी बोलतेस?”

“घरात तेवढं, अक्का. बाहेर कोण बोलतंय?”

त्या दिवसापासून दोघींची पायरी ठरून गेली. शलाका डब्यात दडपे पोहे आणायची, चंदना चिरोटी आणायची. वर्गात जी मुलगी तोंड उघडत नव्हती ती पायरीवर मराठीत घडाघडा बोलायची, जशी घरातल्या मावशीशी बोलावी तशी. आणि ज्या भाषेत फक्त घरातल्यांशी बोलतात त्या भाषेत माणूस घरातलंच सांगून बसतो. एका रविवारी तिनं पप्पांचं सांगितलं.

तिचे वडील रघुजीअण्णा बायकांचे कपडे शिवायचे. आठव्या क्रॉस रोडच्या मागच्या गल्लीत दुकान, त्याच्याच मागे घर. काम आजोबांपासून चालत आलेलं. रघुजीअण्णांनी बेतलेला ब्लाउज अंगात आहे हे विसरायला होतं, असं बायका म्हणायच्या आणि लग्नाचं रेशीम त्यांच्याखेरीज कुणाकडे टाकायच्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या, हात काही थांबला नाही. मशीन कसंबसं चालवता येत होतं, कात्री येत नव्हती. आणि रेशमावर कात्री एकदा चुकली की चुकलीच.

“मग मी बेतते, अक्का. सकाळी पाचला उठून. पप्पा शेजारी उभं राहून सांगतात, इथं अर्धा इंच सोड, बाहीचा मुंढा इथं गोल घे म्हणून. गिऱ्हाईक यायच्या आत सगळं बेतून ठेवते आणि कॉलेजला जाते. कुणी आलं की पप्पा हात कापडाच्या ढिगात घालून बसतात.” तिनं डब्याचं झाकण लावलं. “धंदा त्यांच्या हाताच्या नावावर हाय. हे कळलं तर रेशीम कोण देईल? मा आणि मी आणि पप्पा, तिघांनाच ठाऊक.”

शलाकाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खोटं नव्हतं. पण ते पुसायच्या आत तिच्या मनात आलं, हा प्रसंग नाटकात काय उभा राहील!

त्या वर्षीचं नाटक मुलांच्याच गोष्टींतून तयार होत होतं. नाव ‘मनेयोळगे’, म्हणजे घराच्या आत. प्रत्येकानं घरातलं एक खरं सांगायचं आणि त्याचा प्रसंग बसवायचा, ही शलाकाची पद्धत. तिनं चंदनाला विचारलं. रीतसर विचारलं, हे तिला पुढे बरेच दिवस स्वतःला सांगायला उपयोगी पडलं.

“नाव नाही ना घालायचं?” चंदना म्हणाली.

“छे गं. कुणाला कळणार आहे?”

“पप्पा तर दुकान सोडून कुठं जातच नाहीत.”

“मग झालं तर.”

“सरी, चालेल,” चंदना म्हणाली. दहा रविवार पोहे खाऊ घालणाऱ्या अक्काला सोळा वर्षांची मुलगी दुसरं काय म्हणणार?

नाटकाची कानडी संहिता लिहिणारा गिरीराज मात्र जरा घुटमळला. शिंप्याऐवजी सोनार करूया का, असं त्यानं विचारलं. शलाकानं नकारार्थी मान हलवली. तपशील बदलला की प्रसंगातला जीव जातो, हे ती दहा वर्षं मुलांना शिकवत आली होती, आता तो नियम स्वतःच कशी मोडणार? गिरीराजनं खांदे उडवले आणि शिंपी शिंपीच राहिला.

तालमी सहा आठवडे चालल्या. रंगमंचावर कापड नव्हतं, कात्री नव्हती, नुसता हात होता. बाप बेतायला जातो, हात थरथरतो, मुलगी त्याच्या हातून कात्री घेते. दोन्ही कामं चंदनाच करायची. पहिल्यांदा तिचा हात खोटा थरथरला, नुसती बोटं हलली. “घरी नीट बघ आणि मला आणून दाखव,” शलाका म्हणाली. पुढच्या रविवारी चंदनानं कोपरापासून निघणारी, मनगटात अडखळणारी थरथर करून दाखवली आणि हॉल चिडीचूप झाला. शलाकानं तिला मिठीच मारली.

प्रयोगाच्या आठवड्यात शलाका स्वतः आमंत्रण घेऊन दुकानात गेली. चंदनाला तिनं सांगितलं नव्हतं. मुलीला रंगमंचावरून अचानक बाप दिसावा, अशी तिची हौस.

रघुजीअण्णा मशीनपाशी बसले होते, टेप गळ्यात, उजवा हात कापडाच्या ढिगात. चंदनाची आई रत्नाबाई खाली बसून हूक लावत होत्या.

“लग्नसराई हाय अक्का, दुकान कसं बंद करू?”

“एक संध्याकाळ, अण्णा. तुमची पोरगी काय काम करते ते बघाल तर छाती फुगेल.”

ते लाजून हसले. शलाकानं दुकानात बसलेल्या चार गिऱ्हाईक बायकांनाही पत्रिका दिल्या आणि शेजारच्या फुलवाल्यालाही दिली. सगळ्या गल्लीनं यावं, असं म्हणाली.

प्रयोग संध्याकाळी सहाचा होता. चंदनानं विंगेतून पडदा बोटभर बाजूला केला आणि ती तशीच उभी राहिली. पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घातलेले पप्पा, नवी साडी नेसलेली मा. मागच्या रांगेत ज्यांचं रेशीम तिनं त्याच पहाटे बेतलं होतं त्या बायका.

“अक्का, पप्पा आलेत.”

“मीच बोलावलं,” शलाका हसत म्हणाली.

“मी नाही करत तो सीन. बेडा, अक्का. नको.”

तिचे ओठ पांढरे पडले होते. शलाकानं असे ओठ दहा वर्षांत शंभर मुलांचे पाहिले होते. प्रयोगाआधी मुलं घाबरतात आणि त्यांना हलकेच पुढे ढकलायचं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. माणसाला ठाऊक असलेलंच त्याला आंधळं करतं. तिनं चंदनाच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाली, “त्यांना अभिमान वाटेल बघ,” आणि तिला हलकेच पुढे ढकललं.

चंदनानं जे काम केलं तसं तालमीत कधी झालं नव्हतं. रिकाम्या हवेत तिचा हात थरथरला आणि दोनशे माणसं श्वास रोखून बसली. शलाका विंगेतून प्रेक्षक बघत होती. रघुजीअण्णांनी आपला उजवा हात डाव्या काखेत दाबून धरला होता. मागच्या रांगेतल्या एका बाईनं दुसरीच्या कानात काही सांगितलं. मग दोघींनी रंगमंचावरची नजर काढली आणि पुढच्या रांगेतल्या मानेकडे बघत राहिल्या. शलाकाला तेव्हा कळलं. चंदनाला ढकलून जेमतेम पाच मिनिटं झाली होती.

टाळ्या थांबेनात. लोक उभे राहिले. सगळे उभे राहिले म्हणून रघुजीअण्णाही राहिले आणि सगळे वाजवतात म्हणून त्यांनीही टाळ्या वाजवल्या. त्यासाठी त्यांना काखेतला हात बाहेर काढावा लागला.

जाताना ते शलाकापाशी थांबले. “छान बसवलंय, अक्का,” म्हणाले. रत्नाबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

चंदना पुढच्या रविवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. फोन उचलेना. दुकानाच्या गल्लीत राहणाऱ्या एका मुलाकडून शलाकाला कळत गेलं. पहिल्या दोन दिवसांतच बायका ब्लाउजपीस परत घेऊन गेल्या. कुणी भांडलं नाही, सगळ्या गोड बोलल्या. तब्येतीला जपा अण्णा, घाई नाही, म्हणाल्या. गोड बोलणाऱ्यांशी भांडताही येत नाही. त्याच आठवड्यात ‘मनेयोळगे’ला एका मोठ्या महोत्सवाचं आमंत्रण आलं. शलाकानं ते गिरीराजलाही न दाखवता नाकारलं. त्यानं कुणाचं काही भलं झालं नाही, पण तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

महिन्यानं धीर करून ती दुकानात गेली. जाताना तिनं लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या म्हैसूर सिल्कचा हिरवा ब्लाउजपीस बरोबर घेतला. रिकाम्या हातानं जाववेना.

फळ्यांवर रेशीम नव्हतं. शाळेच्या युनिफॉर्मच्या चार चड्ड्या होत्या, उसवून पुन्हा शिवायच्या. आतल्या पडद्यामागे कुणीतरी होतं आणि ते बाहेर आलं नाही.

“माफी मागायला आलेय, अण्णा.”

“बसा.”

“मला कळायला हवं होतं.”

त्यांनी एक चड्डी उसवायला घेतली.  शलाकानं घाईनं पिशवीतून पीस काढून टेबलावर ठेवला. “हा तुमच्याकडेच शिवायचाय. चंदना बेतेल ना?”

“ती कात्रीला हात लावत नाही.”

“कधीपासून?” शलाकानं विचारलं आणि विचारल्याबरोबर तिला स्वतःची लाज वाटली.

“त्याच दिवसापासून. कात्री धरली की सगळे बघतायत म्हणून वाटतंय तिला.” त्यांनी पीस उलगडला, अंगठ्यानं पोत पाहिला. “मीच बेततो. आलेलं कापड परत कसं पाठवू?”

“नको अण्णा, राहू दे.”

“आणलंय की तुम्ही.”

त्यांनी खडूनं आखलं. मग डाव्या हातानं उजवं मनगट धरून कात्री चालवली. कात्री दोन इंच सरळ गेली आणि मुंढ्याच्या वळणावर थांबली. पुन्हा चालली, पुन्हा थांबली. शलाकाला मान फिरवावीशी वाटली, पण सहा आठवडे जे तिनं पुन्हा पुन्हा करून घेतलं होतं ते आता न बघण्याचा तिला काही हक्क नव्हता. ती बघत राहिली आणि रडत राहिली. रेशीम कुरतडल्यासारखं फाटत गेलं. शेवटी त्यांनी कात्री ठेवली आणि तुकडा उजेडात धरला.

“बिघडलं,” रघुजीअण्णा म्हणाले. “भरून देतो.”

“काही भरून द्यायचं नाही. तुमच्या पाया पडते.”

“तसं नाही, अक्का. आजोबांपासून हाय ते. शिंप्याच्या हातून कापड बिघडलं तर त्यानं तसंच कापड आणून द्यायचं. दोन महिने लागतील, पण देतो.” त्यांनी तुकडे एकावर एक नीट ठेवले. मग मान वर केली. आवाजात राग नव्हता. एका कामाच्या माणसानं दुसऱ्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं, “तुमच्यात काय रीत हाय?”

“कशाची, अण्णा?”

“तुमच्या हातून कुणाचं काही बिघडलं तर.”

पडद्यामागची हालचाल थांबली. शलाका टेबलावरच्या तुकड्यांकडे बघत राहिली.  मग रघुजीअण्णांनी बिघडलेल्या पीसाची एक लहान चिंधी फाडली आणि कापडाच्या दुकानात रंग जुळवायला सोबत असावी म्हणून शर्टाच्या खिशात ठेवली.