पुकारा

"मुलीला सोडायला आलात का? पालकांसाठी खाली कॉफीची सोय आहे हं," टेबलामागची बाई अगदी गोड आवाजात म्हणाली.

"मला मुलगी नाही," बेव्हर्ली म्हणाली. "मुलाखत माझीच आहे. बेव्हर्ली स्टॅदर्स. सव्वाअकराची वेळ दिली आहे."

बाईने यादीवरून बोट फिरवलं. नाव होतं. बाईचे कान लाल झाले.

"असू दे हो," बेव्हर्ली हसली. "आज सकाळपासून मलाही आपण कुणाला तरी सोडायला आल्यासारखंच वाटतंय."

ती सत्तेचाळीस वर्षांची होती. हंबर नदीच्या मुखाशी असलेल्या एका मासळी बंदराच्या गावात, कोर्टात पुकारा करण्याचं काम ती चौदा वर्षं करत होती. काळा झगा घालून दारात उभं राहायचं, नाव पुकारायचं, साक्षीदाराला शपथ द्यायची, कुणाला रडू फुटलं तर पाणी द्यायचं आणि काम सुरू झालं की तोंड मिटून बसायचं. गेली चार वर्षं कोर्टातून घरी आल्यावर ती घरबसल्या शिकवणाऱ्या विद्यापीठातून कायदा शिकत होती. उन्हाळ्यात, म्हणजे तिकडे जुलैत, दोन आठवडे विद्यार्थ्यांना काम शिकायला घेणाऱ्या अकरा वकिली कंपन्यांना तिने अर्ज केले. सातांनी उत्तरच दिलं नाही, तिघांनी सुंदर कागदावर नकार पाठवला. उरली ती लीड्सची गॅस्कॉइन अँड वेअर.

सकाळी निघताना तिचे वडील स्टॅन टोस्टला लोणी लावत होते. बोटींतून मासळी उतरवण्यात त्यांची सारी उमर गेली होती. आता गुडघे गेले होते, जीभ मात्र तशीच धारदार होती.

"तुझ्या चुका विचारतील बघ," ते म्हणाले. "सांग, चहा फार कडक करते. चहा करायलाच तर बोलावलंय तुला."

"बाबा, निदान आज तरी."

"बरं, बरं, वकीलबाई. गाडी चुकवू नका."

वर थांबायच्या खोलीत पाचजण बसले होते, सगळे विशीतले. कोपऱ्यातल्या मुलीच्या हातातला कागद थरथरत होता. बेव्हर्ली सवयीने तिच्याशेजारी जाऊन बसली.

"नाव काय गं तुझं?"

मुलीने छातीवरची पट्टी दाखवली. बेव्हर्लीने अडखळत वाचलं, "मार्जोरीबँक्स?"

"लिहितात तसं. म्हणायचं मार्चबँक्स."

"अगं बाई! मग मधली अक्षरं काय पगार घेऊन घरी बसतात?"

मुलगी फस्सकन हसली. कागद थरथरायचा थांबला.

"पाणी पी. बोलायच्या आधी एक श्वास घे. ती माणसंच आहेत. सकाळी त्यांनीही मोजे शोधले असतील," बेव्हर्ली म्हणाली. मुलगी आत गेली आणि वीस मिनिटांनी तरंगतच बाहेर आली. मग बेव्हर्लीचं नाव आलं.

आत दोघंजण होते. मिस्टर गॅस्कॉइन साठीचे, चष्मा कपाळावर सरकवलेला. हेलन वेअर चाळिशीची, समोर कोरी वही. पहिली दहा मिनिटं कायद्याची गेली. दोन प्रश्नांना तिने बरी उत्तरं दिली, तिसऱ्याला सरळ सांगितलं, "हे मला माहीत नाही."

गॅस्कॉइननी चष्मा खाली ओढला. "कामात तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा."

वाचनालयातल्या पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर होतं: मी कामात फार बुडून जाते. बेव्हर्लीने ते पाठही केलं होतं. तिने तोंड उघडलं, आणि ते वाक्य तिलाच इतकं खोटं वाटलं की ती थांबली.

"माझा दुसराच आठवडा होता," ती म्हणाली. "मासळीच्या कारखान्यातला एक पोलिश कामगार होता, मारामारीचा आरोप. त्या दिवशी हजर राहायचं, या अटीवर जामीन. मी दारात उभी राहून पुकारलं, वॉजसिक. तीनदा. कोणी उठलं नाही. गैरहजर म्हणून त्याच्या नावाचं वॉरंट निघालं."

"मग?"

"तो तिथेच होता. भिंतीशी, मांडीवर कागदांची पिशवी घेऊन. दहापासून चारपर्यंत. मी त्याच्यासमोरून पाचसहादा गेले असेन. त्याचं नाव वुइचिक होतं. मी कुणाला हाका मारतेय, ते त्याला कळलंच नाही. चार वाजता रखवालदाराने त्याला बाहेर काढलं. त्याला वाटलं, तारीख पडली असेल. दुसऱ्या दिवशी पहाटे कारखान्याच्या फाटकावर, सगळ्यांदेखत पोलिसांनी त्याला पकडलं."

हेलन वेअरची पेन्सिल थांबली होती.

"बेड्या घालून कोर्टात आणला, तेव्हा मी त्याला ओळखलं. तो आपल्या भाषेत काहीतरी सांगत होता, आणि दुभाष्या यायचा होता. वकील म्हणाला, माझ्या अशिलाने काल का टाळलं, मला कल्पना नाही. न्यायाधीश लिहायला लागले." बेव्हर्लीने हात मांडीवर घट्ट धरले. "आमच्या कामात आपण होऊन बोलायचं नसतं. पण मी उठले. म्हटलं, साहेब, हा माणूस काल दिवसभर इथेच होता. नाव मी चुकीचं पुकारलं."



"सोडलं त्याला?" गॅस्कॉइननी विचारलं.

"लगेच. नोकरी मात्र गेली त्याची. ती मला परत देता आली नाही. मला मेमो मिळाला, मधेच बोलले म्हणून. त्या दिवसापासून मी आधी प्रत्येकाजवळ जाते, विचारते, तुमचं नाव तुमची आई कसं म्हणते? आणि तसंच लिहून घेते."

"इतर सगळ्यांची चूक म्हणजे, मी फार मेहनत करतो," हेलन वेअर हलकेच म्हणाली.

गॅस्कॉइन मात्र हसले नाहीत. "मिसेस स्टॅदर्स, पदवी होईपर्यंत तुम्ही पन्नाशीला याल. हातात पक्की नोकरी आहे. मग हे कशाला?"

"चौदा वर्षांत मी कोर्टात माझ्या मनाचं असं एकच वाक्य बोलले, साहेब. एका माणसाची बेडी निघाली त्याने." तिने एक श्वास घेतला. "अशी खूप वाक्यं साठलीत माझ्याकडे. ती आता परवानगीने बोलायची आहेत."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, कोर्टाच्या मागच्या जिन्यावर तिने गॅस्कॉइन अँड वेअरला फोन लावला. दोन जागा होत्या, एकशेऐंशी अर्ज. एक जागा तिची होती. झगा अंगात तसाच होता. पायरीवर बसून ती खूप वेळ सँडविचचा कागद उलगडत आणि घडी घालत राहिली.

संध्याकाळी स्टॅन बटाटे सोलत होते.

"बाबा, मिळालं."

"हं," ते म्हणाले. "मग जुलैत रात्रीचं जेवण कोण बघणार?" आणि मान वर न करता सोलत राहिले. दोघांच्या घरात त्या दिवशी आठजणांना पुरतील एवढे बटाटे सोलले गेले.

जुलैच्या पहिल्या सोमवारी हेलन वेअरने तिला तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळचं टेबल दिलं आणि वाचायला एक जाड फाईल. साडेदहाच्या सुमारास मान मोकळी करायला बेव्हर्लीने खाली पाहिलं.

समोरच्या बस थांब्यावर स्टॅन उभे होते.

बेव्हर्लीच्या आईच्या अंत्यविधीहून परतल्यापासून त्यांनी गाव सोडलं नव्हतं. इथवर यायचं तर मधे गाडी बदलायची, स्टेशनचा पूल चढायचा. अंगात तपकिरी सूट होता, आता खांद्यावर सैल पडलेला, आणि गळ्यात टाय. ते मान मागे टाकून इमारत एकेक मजल्याने न्याहाळत होते. कोणती खिडकी हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेजारी पिशव्या घेतलेली एक बाई बससाठी उभी होती. स्टॅननी तिला काहीतरी सांगितलं, इमारतीकडे बोट केलं. बाईनेही वर पाहिलं, मग एक पिशवी खाली ठेवून त्यांचा हात हातात घेतला.

बेव्हर्लीने खुर्ची जराशी मागे सरकवली, आपण पाहिलंय हे त्यांना कळू नये म्हणून.

बस आली. बाई चढली, वळून तिने हात केला. बस निघून गेली. स्टॅन तिथेच उभे होते, टोपी हातात धरून.