बापासाठी बोंब

राधाकिशनच्या जबड्यानं दगा द्यायला वेळ मात्र झकास साधली. बाप आप्पाराव सरणावर, मडकं फुटलेलं, अन् अख्खा तलवाडा ओढ्याकाठी ह्याच्या तोंडाकडं बघत उभा!

अग्नी दिला की लेकानं उलटा हात तोंडावर मारून बोंब ठोकायची. घरी आई, तुळजाबाई, तेवढ्या आवाजासाठी उंबऱ्याशी कान देऊन बसलेली.

पण बोंब मारतो कसली! हैदराबादेत वकिलीसाठी उर्दूतले कायदे घोकता घोकता दात आवळायची खोड लागलेली. वसतिगृहातल्या बऱ्याच पोरांचे जबडे घास चावताना कटकट वाजायचे, अन् एकमेकांना हसायचे लेकाचे. राधाकिशनचा मात्र वाजता वाजता अडकलाच. जेमतेम एक बोट जाईल एवढंच तोंड उघडे. हकिमानं शेक सांगितला, मऊ खा म्हणाला. घरी त्यानं अवाक्षर काढलं नव्हतं. आजारी बापाच्या जिवाला आणखी कशाला घोर?

"मार की बे!" चुलता शहादेव खेकसला.

त्यानं हात मारला. दातांतून नुसती वाफ आली अन् कानापुढं कळ गेली. बाकी आत काहीच नव्हतं. सकाळपासून नव्हतं. बाप जळत होता अन् ह्याला वाटत होतं, लाकडं ओली आहेत.

"लई शिकला. लाज वाटती आता त्याला," कुणीतरी म्हणालं.

शेवटी शहादेवनंच बोंब ठोकली. शिवार हाललं.

घरी शेजारणीनं पिठलं-भाकरी आणली. आईनं राधाकिशनला आत घेतलं.

"बोंब दिलीस का रं?"

"दिली," तो दातांतूनच म्हणाला.

"भावजींचा आवाज वळखत न्हाई व्हय मी?"

तिनं त्याच्या तोंडाशी घास नेला. तो दातांवरच अडला, तसं तिनं बोट घालून पाहिलं.

"कवापासून हाय हे?"

"दिवाळीपासून."

"सांगितलं कावून न्हाईस?"

तिनं भाकरी पाण्यात कुस्करली अन् चिमटी चिमटीनं दातांच्या फटीतून आत सारली.

"बाया इचारतील. माझ्या लेकाचीच बोंब व्हती म्हणीन मी. तुझ्या वडलांनी ऐकली, त्यांना पोचली. तू जिवाला लावून घेऊ नगं."

तेव्हा कुठं राधाकिशनला बाप गेल्याचं कळलं. पण हंबरडा फोडायलाही तोंड उघडावं लागतं की हो.