चांदीची साय

माझ्या काठावरचे शेवटचे अक्षर अर्धेच उमटले आहे. भिंगाखाली त्याचा उभा दांडा दिसतो आणि पुढे नाणेच संपते.

मित्रांनो, मी एक जुने फ्रेंच नाणे आहे. पंधराव्या शतकात टाकसाळीतल्या कारागिराने मला दोन ठशांमध्ये ठेवून वरून हातोडा मारला. त्याचा ठसा जरा सरकला. तेव्हा युद्ध चालू होते, राजाला चांदी पुरत नव्हती. म्हणून माझ्यात तांबेच जास्त घातले आणि मला आंबट पाण्यात उकळले. वरवरचे तांबे विरघळले, चांदीची पातळ साय उरली. बाजारात मी पांढरेशुभ्र दिसे. लोक संशयाने उलटसुलट करून पाहत, पण घेत. नंतरची शतके मी जमिनीखाली एका मडक्यात काढली.

२००६ मध्ये मी जर्मनीतल्या बॉन शहरातल्या एका प्रयोगशाळेत आले. तिथे पुण्याची नंदिनी रसायनशास्त्रात पीएचडी करत होती. राजाने चांदी किती घटवली, हे तिला सिद्ध करायचे होते. पण क्ष-किरणांना माझी सायच दिसे. आतले कळायला मला कापावे लागणार होते. ज्या संग्रहालयाचे मी होते, त्याची परवानगी होती. माझ्यासारखी दोन नाणी कापून झाली होती. त्या जातीचे शेवटचे मीच उरले होते.

"उकळताना काय घालायचे गं?" तिचा सहकारी वेदांग याने एकदा विचारले.

"वाइनच्या पिंपात साचणारा क्षार. चिंचेत असतं तेच आम्ल."

"म्हणजे राजानं देवाची भांडी घासली म्हण की! आता काप एकदाचं. हिवाळ्यापासून नुसतं गोंजारतेयस."

"उद्या बघू."

"तुझ्या या 'उद्या'ला जर्मनीत व्हिसा मिळणार नाही हं!"

मित्रांनो, कापणे वाईट नव्हते. त्या दोन भावंडांनी खूप काही शिकवले. पण कापलेले पुन्हा सांधत नाही, म्हणून हात उचलण्याआधी थांबून पाहावे.

मे महिन्यात तिच्या मार्गदर्शक प्राध्यापिका लिंडनर स्वतः आल्या. त्यांनी मला करवतीच्या पकडीत बसवले. पाते फिरू लागले, थंड पाण्याचे तुषार माझ्यावर उडाले.

"आल्झो, मग काय, नंदिनी? दोन नाण्यांवर निष्कर्ष उभा राहत नाही. हे प्रकरण प्रबंधातून गळेल."

नंदिनीने बटण बंद केले. पाते थांबले. तिने मला पकडीतून सोडवले, पुसले आणि कापसावर ठेवले. तिची बोटे गार होती. मला किती हलके वाटले, काय सांगू!

"गळू दे," ती म्हणाली. "दोनच मोजली, असंच लिहीन. हे नाणं मी कापणार नाही."